पोट भरलेलं दिसतं, तरी कोंबडी उपाशी असते

पत्र : आमच्या परसात आठ कोंबड्या आहेत. सहा जुन्या, दीड वर्षाच्या. दोन तलंगा दोन महिन्यांपूर्वी आणल्या, त्या अजून अंड्यावर आलेल्या नाहीत. आधी सहा जणींची रोज चार-पाच अंडी मिळायची, आता जेमतेम दोन मिळतात. कवच इतकं पातळ की परवा एक अंडं उचलतानाच बोटाखाली दबलं. त्यात एका तांबड्या कोंबडीला अंडी फोडून खायची सवय लागली आहे. दुसरीची मान पार उघडी पडली आहे. सकाळी मका आणि थोडं विकतचं खाद्य एकत्र करून देतो, संध्याकाळी घरातलं उरलंसुरलं. खातात मात्र पोटभर, गळा टम्म फुगलेला दिसतो. शेजारी म्हणतात, अंड्यात तिखट भरून ठेवा, नाहीतर तांबडी काढून टाका. काय करू?
– परसातली कोंबडीवाली

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिली विनंती ही की तांबडीला एवढ्यात काढू नका. तुमच्या कळपात जे बिघडलंय ते तिच्यामुळे नाही. खाद्याच्या भांड्यात जे कमी पडतंय, ते तिने अंड्यात शोधून काढलंय, एवढंच.

तिखटाचा उपायही सोडून द्या. मिरचीतला जो घटक आपली जीभ पोळवतो, तो पाखरांना जाणवतच नाही. तिखट भरलेलं अंडं कोंबडी आनंदाने खाते, आणि अंडं खाण्याजोगं असतं हे तिच्या मनात आणखी पक्कं होतं.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते 'पोटभर खातात' हे वाक्य. कोंबडी पाळणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची इथेच फसगत होते. माझीही झाली होती, ते पुढे सांगते. गळ्याखालची पिशवी फुगली की आपल्याला बरं वाटतं. पण त्या पिशवीला आत काय भरलंय याची पर्वा नसते.

थोडा हिशेब करू. अंडी देणारी कोंबडी दिवसाला साधारण 110 ते 120 ग्रॅम खाते. अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी जे तयार खाद्य मिळतं, लेयर खाद्य म्हणतात ते, त्यात 16 ते 18 टक्के प्रथिनं आणि साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं. मक्यात प्रथिनं आठ-नऊ टक्के, आणि कॅल्शियम अगदी नावाला. आता एका अंड्याच्या कवचात दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागतं. कोंबडीने दिवसभर नुसता मका खाल्ला, तर तिला त्यातून त्याचा विसावा हिस्साही मिळत नाही. तुम्ही मका आणि खाद्य निम्मं-निम्मं करत असाल तर प्रथिनं तेराच्या घरात येतात, कॅल्शियम दोनच्याही खाली. त्यात संध्याकाळचं उरलंसुरलं आलं, की उरलेला कस तोही गेला. खाद्याच्या पोत्यावर छापलेले आकडे नुसतं तेच खाद्य दिलं तर खरे असतात. आपण त्यात भर घालतो तेव्हा खरं तर ते पातळ करत असतो.

मग कवच येतं कुठून? कोंबडी ते स्वतःच्या हाडांतून काढते. अंड्यावर येताना तिच्या पायांच्या लांब हाडांच्या आत एक खास थर तयार होतो, कॅल्शियमची गंगाजळीच ती. अंडं तयार व्हायला एकूण चोवीस ते सव्वीस तास लागतात. त्यातले वीस तास कवच चढण्यात जातात, आणि यातला बराच काळ रात्रीचा असतो, कोंबडी दांडीवर झोपलेली असते, पोट रिकामं होत आलेलं असतं. तेव्हा ही गंगाजळी कामी येते. दिवसा ती भरून निघाली नाही, तर रोज थोडी थोडी आटते. आधी कवच पातळ होतं, मग अंडं नुसतं पापुद्र्याचं येतं, आणि शेवटी कोंबडीचे पाय कमकुवत होतात. बोटाखाली दबलेलं ते अंडं म्हणजे तुमच्या कोंबड्यांनी दिलेली वर्दी आहे. वेळेवर मिळाली, हे चांगलं झालं.

तांबडीचं कोडंही इथेच सुटतं. पातळ कवचाचं अंडं खोक्यात पायाखाली फुटतं, कोणीतरी चोच मारून बघते, चव लागते, आणि सवय जडते. कवच घट्ट झालं की चोच मारूनही अंडं सहज फुटत नाही. मग तिचा नाद निम्म्याहून जास्त आपोआप सुटतो.

तुमच्याकडे एक अडचण आहे, ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तुमच्या दोन तलंगा अंड्यावर आलेल्या नाहीत. लेयर खाद्यातलं कॅल्शियम त्यांच्यासाठी जास्त होतं. सोळा-अठरा आठवड्यांच्या आतल्या पाखरांना ते महिनोन्महिने दिलं तर मूत्रपिंडं बिघडतात. दोन कळप वेगळे ठेवून जेवण वेगळं घालणं घरगुती पसाऱ्यात जमत नाही. म्हणून असं करा: तलंगा अंड्यावर येईपर्यंत सगळ्यांनाच वाढीच्या कोंबड्यांचं खाद्य द्या, आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. खाद्यात कालवू नका. अंडी घालणारीला त्याची ओढ असते, ती बरोबर जाऊन खाते. बाकीच्या एखादी चोच मारून निघून जातात. हे मी कितीदा पाहिलंय तरी प्रत्येक वेळी नवल वाटतं. दुपार कलली की जुन्या कोंबड्या त्या भांड्याकडे वळतात, आणि पुढे अगदी दांडीवर चढायच्या आधी एखादी घाईने परत येऊन दोन तुकडे उचलते. तलंगांचे तुरे लालभडक झाले, आणि तुम्ही जवळ जाताच त्या पंख किंचित पसरून खाली बसू लागल्या, की आठ-पंधरा दिवसांत अंडं येणार असं समजा. दोघींनी अंडी घालायला सुरुवात केली की सगळ्यांना लेयर खाद्यावर आणा. शिंपल्यांचं भांडं तरीही राहू द्या.

चुरा भरड घ्या, पीठ नको. बारीक पूड पोटातून झटकन पुढे सरकते. भरड तुकडे जठरात रेंगाळतात आणि रात्रभर हळूहळू विरघळत राहतात, म्हणजे कवच चढत असतं नेमकं त्याच वेळी. शिंपले मिळत नसतील तर अंड्यांचीच कवचं चालतात. ती नीट वाळवून, कडक होईपर्यंत भाजून, अंड्याचा आकार अजिबात ओळखू येणार नाही इतकी चुरून द्या. तुमच्याकडे तांबडी आहे म्हणून ही शेवटची गोष्ट जास्तच सांभाळा.

आणि शिंपले म्हणजे खडी नव्हे, ही गल्लत खूप जण करतात. कोंबडीला दात नसतात. तिचं जाड स्नायूंचं जठर आत साठवलेल्या बारीक खड्यांच्या मदतीने दाणे भरडतं. त्यासाठी न विरघळणारा कठीण खडा लागतो. मोकळ्या मातीत उकरणाऱ्या कोंबड्या तो स्वतः वेचतात. कोंडलेल्या कोंबड्यांना द्यावा लागतो.

मका बंद करा असं मी म्हणणार नाही. कोंबड्यांना तो आवडतो, आणि संध्याकाळी मूठ वाजवली की सगळ्या धावत येतात याचा आपल्याला फार उपयोग होतो. फक्त तो जेवण म्हणून नको, खाऊ म्हणून द्या. दाणे आणि खाऊ मिळून दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शात राहावा. म्हणजे आठ जणींना मिळून दीड-दोन मुठी, त्याही त्यांनी खाद्य खाऊन झाल्यावर, दुपारनंतर. खाद्य दिवसाला सगळ्यांचं मिळून 900 ग्रॅम ते एक किलोच्या आसपास लागेल. एकदा वजनकाट्यावर मोजून बघा आणि त्याच मापाचा डबा ठरवून टाका. अंदाजाने घातलेलं खाद्य हळूहळू कमी होत जातं किंवा सांडत जातं, आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

उरल्यासुरल्याबद्दल मात्र मी कडक आहे. खारट, तळलेलं, आंबलेलं काही नको. बुरशी आलेला दाणा तर मुळीच नको. 'कोंबड्यांना काय, चालतं' असं म्हणून तो टाकला जातो आणि त्यातलं विष यकृत बिघडवत राहतं. कच्चे वाळलेले राजम्यासारखे दाणे, बटाट्याची हिरवी सालं, अ‍ॅव्होकॅडोची साल आणि बी, चॉकलेट हे कटाक्षाने टाळा. पालेभाजीची पानं, भोपळ्याचा गर, काकडी हे थोडं थोडं दिलेलं चांगलं.

नुसत्या स्वयंपाकघरातल्या उरल्यासुरल्यावर कोंबड्या जगवल्या तर काय होतं, याचा एक गाजलेला दाखला आहे. क्रिस्तियान आइकमान हे डच वैद्य 1890 च्या सुमारास जावा बेटावर बेरीबेरी या रोगाचं कारण शोधत होते. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्यांचे पाय अचानक लुळे पडू लागले, त्या उभ्याही राहू शकेनात. काही महिन्यांनी त्या तितक्याच अचानक बऱ्या झाल्या. मग उलगडा झाला. मधल्या काळात त्यांना लष्करी इस्पितळाच्या मुदपाकखान्यातला उरलेला, पॉलिश केलेल्या तांदळाचा भात घातला जात होता. नवा आचारी आला, त्याने इस्पितळातला भात कोंबड्यांना द्यायला नकार दिला, आणि त्यांना परत कोंड्यासकटचा तांदूळ मिळू लागला. त्या कोंड्यात जे होतं ते पुढे बी-1 जीवनसत्त्व म्हणून ओळखलं गेलं, आणि 1929 मध्ये आइकमान यांना नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. जीवनसत्त्वांच्या इतिहासाचं एक मोठं पान असं कोंबड्यांनी लिहिलंय. त्यांचंही पोट रोज भरतच होतं.

आता उघड्या मानेची कोंबडी. इथे तीन शक्यता आहेत आणि त्या लांबून ओळखता येत नाहीत, तिला हातात घ्यावंच लागेल. रात्री घ्या. अंधार पडल्यावर कोंबडी शांत असते, धावपळ नाही, फडफड नाही. बॅटरीचा उजेड मंद ठेवा आणि तिला छातीशी धरा. मानेवरची पिसं बाजूला करून बघा. कातडीतून बारीक, टोकदार, मेणचट आवरणाचे खुंट वर येताना दिसले तर ती पिसं बदलते आहे. दीड वर्षाच्या वयाला हे अगदी ठरलेलं असतं, दिवस लहान होऊ लागले की सुरुवात होते, डोक्या-मानेपासून. दोन-तीन महिने चालतं आणि त्या काळात अंडी बंद होतात किंवा फार कमी होतात. पिसं जवळजवळ सगळी प्रथिनांचीच बनलेली असतात, त्यामुळे शरीर अंडं सोडून पिसांकडे वळतं. तुमची अंडी कमी होण्यामागे हेही एक कारण असेल. कवच पातळ होण्याचं कारण मात्र हे नाही, ते खाद्यातच आहे. नव्या खुंटांमध्ये रक्त असतं आणि ते दुखतात, म्हणून अशा कोंबडीला गरजेपेक्षा जास्त हाताळू नका.

खुंट दिसले नाहीत, कातडी गुळगुळीत किंवा ओरबाडलेली असली, तर इतर कोंबड्या तिला टोचताहेत. आणि शेपटीखाली पिसांच्या मुळाशी पांढरट गठ्ठे चिकटलेले दिसले तर त्या उवांच्या लिखा आहेत. उवांपेक्षा मला भीती वाटते ती लाल माइटची. हे किडे दिवसा कोंबडीच्या अंगावर सापडतच नाहीत. खुराड्याच्या फटींत, दांडीच्या टोकांना दडून बसतात आणि रात्री रक्त प्यायला बाहेर येतात. रात्री पांढरा कागद दांडीच्या खालच्या बाजूने दाबून ओढा. त्यावर तांबडे फराटे उठले तर शोध संपला. मग सगळी दांडी, सगळ्या फटी घासून साफ कराव्या लागतात आणि कोंबड्यांसाठीचंच औषध पशुवैद्यांना विचारून वापरावं लागतं. ते आठवड्याभराने पुन्हा करावं लागतं, कारण किड्यांच्या अंड्यांतून नवे किडे निघतात. औषध दिल्यावर किती दिवस अंडी खायची नाहीत, हेही तिथेच विचारून घ्या.

मी वर म्हटलं की माझीही फसगत झाली होती. माझ्याकडे एक करड्या ठिपक्यांची कोंबडी होती. रोज सकाळी खाद्य घातलं की ती सगळ्यांबरोबर भांड्यापाशी यायची, मान खाली घालायची, चोच हलवायची. दिसायला गुबगुबीत. एका रात्री दुसऱ्याच कोंबडीला शोधताना चुकून तिला उचललं आणि हात एकदम वर गेला, इतकी ती हलकी होती. पिसांखाली बोटं घातली तर छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं वर आलेलं, दोन्ही बाजूंना मांस नाहीच. नंतर तीन दिवस मी खिडकीत बसून नुसतं पाहिलं. ती भांड्यापाशी यायची खरी, पण मोठ्या कोंबडीने नुसती मान वळवून पाहिलं की ती चोच मागे घ्यायची. ती जमिनीवर सांडलेलं टिपत होती. माझ्या डोळ्यांदेखत महिनाभर उपाशी होती, आणि मला ती रोज जेवताना दिसत होती.

तुमच्याकडे दोन महिन्यांपूर्वी दोन नव्या आल्या, आणि अंडी घटली तीही कदाचित त्यानंतरच, म्हणून हे सांगते आहे. कोंबड्यांमध्ये वरची कोण, खालची कोण हे ठरलेलं असतं. नॉर्वेच्या थॉर्लेफ श्येल्डरुप-एब्बे यांनी 1921 मध्ये ही चोचीची उतरंड पहिल्यांदा नीट मांडली, तीही कोंबड्यांचंच निरीक्षण करून. नवी पाखरं आली की ही सगळी उतरंड मोडून पुन्हा रचली जाते, आणि तोवर खालच्यांचे हाल होतात. यावर सोपा इलाज आहे: खाद्याची दोन आणि पाण्याची दोन भांडी ठेवा, एकमेकांपासून लांब, मध्ये काहीतरी आडोसा येईल अशी. एका भांड्यावर पहारा करणारी कोंबडी दुसऱ्यावर करू शकत नाही. भांड्याची कड कोंबडीच्या पाठीइतकी उंच ठेवलीत तर सांडणंही कमी होईल. पुढच्या वेळी नवी पाखरं आणाल तेव्हा त्यांना आधी महिनाभर अगदी वेगळं ठेवा, म्हणजे आजार असेल तर तिथेच कळेल. मग आठवडाभर जाळीच्या अलीकडे-पलीकडे, आणि मगच एकत्र.

पाण्याबद्दल पत्रात काहीच नाही, म्हणून विचारते: भांडं उन्हात तर नाही ना? कोंबडी खाते त्याच्या जवळजवळ दुप्पट पाणी पिते, उकाड्यात त्याहून खूप जास्त. तिला घाम येत नाही, चोच उघडी ठेवून धापा टाकतच ती अंग थंड करते. त्या धापांमुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवचाला लागणारा कार्बोनेटही कमी पडतो. त्यामुळे कडक उन्हाळ्यात चांगलं खाणाऱ्या कोंबडीचंही कवच पातळ होतं. सावली, गार पाणी, दिवसातून दोनदा बदललेलं, एवढं पुरतं. भांड्याच्या आत बोट फिरवा. बुळबुळीत लागलं तर घासायला हवं.

अंड्यांची खोकी आठ जणींना दोन पुरतात, फूटभर लांब-रुंद, थोडी अंधारी, खाली जाड भुसा. अंडी सकाळी दोनदा गोळा करा, कारण बहुतेक कोंबड्या दुपारच्या आतच घालतात, आणि खोक्यात पडून राहिलेलं अंडं म्हणजे तांबडीला आमंत्रण. खोक्याच्या तोंडाला कापडाचा पडदा लावा आणि आत लाकडाची किंवा चिनी मातीची दोन खोटी अंडी ठेवा. ती त्यांवर चोच मारेल, काही हाती लागणार नाही, कंटाळेल. खाद्य सुधारून चार ते सहा आठवडे झाले, कवचं दणकट झाली, आणि तरीही ती खात राहिली, तर तिला काही दिवस एकटी ठेवायचा विचार करू. मला वाटतं ती वेळ येणार नाही.

एक सवय मात्र आजपासून लावून घ्या. रोज नको, आठवड्यातून दोनदा. कोंबड्या दांडीवर चढल्या की एकेकीच्या गळ्याखाली, उजव्या बाजूला हात लावा. पिशवी भरलेली, पण दाबली जाणारी हवी. त्याच कोंबडीला सकाळी खाद्य घालायच्या आधी पुन्हा हात लावा, तेव्हा ती रिकामी हवी. सकाळीही दगडासारखी घट्ट असेल तर काहीतरी अडकलंय, बहुधा लांब गवत. पाण्याच्या फुग्यासारखी लिबलिबीत असेल आणि चोचीला आंबूस वास येत असेल तर आत बुरशी वाढलीय. दोन्ही वेळी पशुवैद्यांकडे जा, घरी उलटं धरून रिकामी करू नका; ते पाणी श्वासनलिकेत जाऊन कोंबडी दगावते. हात लावतानाच छातीचं हाडही चाचपून घ्या. आणि काम झालं की साबणाने हात धुवा, घरातल्या मुलांनाही धुवायला लावा. ठणठणीत दिसणाऱ्या कोंबडीच्या अंगावरही साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो.

मान वाकडी होणं, पंख लोंबणं, हिरवी पातळ शीट, एकदम दोन-तीन पाखरं मलूल होणं, यातलं काही दिसलं तर वाट बघू नका. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोगात कळप दोन-चार दिवसांत साफ होऊ शकतो, आणि रोग आल्यावर उपाय नसतो, लस आधीच द्यावी लागते. तुमच्या नव्या दोघींना ती दिलेली आहे का, हे ज्यांच्याकडून आणल्या त्यांना आजच विचारा.

मका-खाद्याचं प्रमाण उद्या सकाळपासून बदला. एकदम नको, आठवडाभरात हळूहळू, नाहीतर त्या नव्या चवीला नाक मुरडून कमी खातील. कवचातला फरक एक-दोन आठवड्यांत दिसू लागेल. त्या पिसं बदलत असतील तर अंड्यांचा आकडा मात्र पिसं पुरती येईपर्यंत वाढणार नाही, त्यासाठी त्यांना वेळ द्या. आणि आज रात्री त्या उघड्या मानेच्या कोंबडीला एकदा उचलून बघा. तिच्या मानेवर खुंट आहेत की नाहीत, आणि ती हाताला किती जड लागते, हे दोन्ही मला लिहून कळवा.